आधी बटण, मग हात

बिस्किटांच्या त्या कारखान्यात किल्ल्यांचा जुडगा एकच होता आणि तो मामांच्या कमरेला होता. सत्तेचाळीस किल्ल्या. मामा चालायला लागले की भट्टीच्या पलीकडच्यांनाही कळायचं, आली स्वारी. पीठ-साखरेच्या कोठारापासून मागच्या लोखंडी फाटकापर्यंत सगळ्या कुलपांच्या किल्ल्या त्यात, आणि एकीवरही नंबर नाही, खूण नाही, साधा दोरा नाही. कुठली कुठल्या कुलपाची ते फक्त मामांच्या अंगठ्याला ठाऊक. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "मग काय चोराला चिठ्ठी लिहून ठेवू, बाबा रे, ही घे म्हणून?"

हुद्द्यानं ते भांडारपाल. मामा खरे एकाच माणसाचे, कारखान्याच्या वायरमनचे. त्यांच्या ताईचा मुलगा. बाप लवकर गेला म्हणून चौदा वर्षांपूर्वी मामांनीच त्याला इथे चिकटवला. तो मामा-मामा करत मागे फिरायचा, त्यामुळे हळूहळू सगळेच मामा म्हणायला लागले, अगदी मालकसुद्धा. आता भाच्याला दोन मुली होत्या, कपाळ मागे सरकलं होतं, पण मामांच्या लेखी तो अजून तोच, पहिल्या आठवड्यात कानाखाली खाल्लेला.

ती गोष्ट कारखान्यात सगळ्यांना पाठ होती. तिथे पीठ मळायचे दोन मोठे मिक्सर होते, एका वेळी तीन तीन पोती गिळणारे. नव्या भाच्यानं मेन स्विच बंद केला आणि थेट आत हात घातला. मामांनी त्याला मागे ओढून सगळ्यांदेखत थोबाडीत ठेवून दिली. "स्विच बंद केला म्हणजे मिक्सर बंद झाला, असं तुला मिक्सरनं सांगितलं का रे? चालू करायचं बटण आधी दाबून बघ. नाही हलला, तर हात घाल. आधी बटण, मग हात. घोक!" भाच्यानं गाल चोळत घोकलं. त्या दिवसापासून दोघांचा डबा एकत्र, पिठाच्या पोत्यांवर बसून. चौदा वर्षांत एक दिवस चुकला नाही.

मग बाई आल्या.

मालकांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि सांगितलं, "यापुढे कारखान्यातली प्रत्येक वस्तू, छपरापासून झाडूपर्यंत, यांच्या देखरेखीखाली. सांभाळायचं सगळ्यांनीच, कसं ते या सांगतील." बाई चाळिशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात, पायात जाड तळाचे बूट, हातात वही. मामांच्या पोटात तिथल्या तिथे दुखायला लागलं. या सांभाळणार? मग सत्तावीस वर्षं मी काय माश्या मारत होतो? आता बिस्किटांच्या कारखान्यात माश्या मारणं हेही कामच असतं, आणि मामांनी तेही चोख केलं होतं, म्हणून तर जास्त लागलं.

बाईंनी पहिल्या दिवशी मामांची एकही वही उघडली नाही. त्या नुसत्या फिरल्या. झाडूवालीपासून भट्टीवाल्यापर्यंत दिसेल त्याला एकच प्रश्न: "तुम्हाला इथे कशाची धास्ती वाटते?" आणि मेले सगळे भडाभडा बोलले की! फाटकावरच्या पहारेकऱ्यानं सांगितलं, मागची भिंत एवढी बुटकी आहे की शेळीसुद्धा उडी मारून येईल. पॅकिंगमधल्या मावशींनी सांगितलं, डोक्यावरचा पंखा लटपटतो, चार वर्षं एक डोळा पाकिटावर आणि एक डोळा पंख्यावर ठेवून काम करतेय.

"चार वर्षं?" मामांनी मावशींना गाठलं. "आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुमच्या खिडकीशी आलं की तुमचं एकच, चिठ्ठी आणली का?"

मामांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मावशींचं चुकलं नव्हतं, म्हणून जास्तच.

संध्याकाळी बाई भांडारात आल्या. मामांनी मुद्दाम सैल पायाचं स्टूल पुढे केलं. बसल्या बसल्या स्टूल कलंडलं. बाई हसल्या, उठून त्याला उलटं केलं, पाय बघितला आणि वहीत लिहिलं: भांडारातलं स्टूल, एक पाय सैल. मग विचारलं, "मामा, तुम्हाला इथे कशाची धास्ती वाटते?"

"मला? मी इथे असताना कुणाला कशाची धास्ती वाटायचं कारणच नाही."

बाईंनी तेही लिहून घेतलं. काय लिहिलं ते मामांना दिसलं नाही, आणि त्या रात्री झोप आली नाही.

नव्याचे नऊ दिवस, म्हणत मामांनी वाट बघितली. नऊ झाले, नव्वद झाले, बाईंचा जोर काही ओसरेना. त्यात ते पिठाच्या पोत्यांचं प्रकरण झालं. कोठारातली खालच्या थराची पोती दर वर्षी ओल धरायची. मामा दर वर्षी ती वर उचलायचे, खाली नव्या फळ्या घालायचे आणि वर आणखी एक कुलूप लावायचे. कुलूप कशाला? तर मामांचा सगळ्या दुखण्यांवर तोच एक लेप. बाई फळ्या बघत बसल्या नाहीत, भिंतीच्या बाहेर गेल्या. बाहेर छपराचा पाण्याचा पाइप फुटलेला. पाइप का फुटतो? मागे येणारा ट्रक ठोकर देतो. ट्रक इतका भिंतीला खेटून का येतो? कारण वाटेत भंगाराचा ढीग. आणि ढीग कुणाचा? सगळे मामांकडे बघायला लागले.

मामा काहीच टाकत नसत. मोडके ट्रे, गंजलेल्या साखळ्या, बिनचाकाच्या ट्रॉल्या, सगळं "लागेल कधीतरी" म्हणून तिथे रचलेलं, आणि त्या ढिगालाही साखळी घालून कुलूप लावलेलं.

"बघा," बाई सगळ्यांना म्हणाल्या, मामांना नव्हे, पण मामांना तसंच ऐकू आलं, "पोतं वाचवायचं तर पोत्याकडे बघून भागत नाही. भिंत, पाइप, ट्रक, वाट, सगळं एकमेकांच्या हातात हात घालून उभं असतं. कुलूप सगळ्यात शेवटी येतं."

ढीग हलला, पोती सुकी राहिली, मालकांनी बाईंची पाठ थोपटली. मामांची पाठ सत्तावीस वर्षांत कुणी थोपटली नव्हती, कारण ती कधी रिकामी दिसलीच नव्हती, कायम कुठलं तरी पोतं असायचं तिच्यावर. मामा जळत होते. दुसरा शब्द शोधायचं कारण नाही. बाईंचा आवाज आला की जळत होते, बाईंची वही दिसली की जळत होते, आणि बाई सुट्टीवर असल्या की लोक "बाई कधी येणार" विचारायचे, तेव्हा तर विचारूच नका.

पण हे सगळं एक वेळ गिळलं असतं. गिळलं नाही गेलं ते भाच्याचं.

भाचा पहिल्या महिन्यातच बाईंच्या बाजूला गेला. नव्या मेन बोर्डाचा नकाशा काढायचा म्हणून जेवणाच्या सुट्टीत दोघं जिन्यात कागद पसरून बसायची. मामा पोत्यावर डबा उघडून वाट बघायचे. भाचा यायचा तो सुट्टी संपता संपता, ओठांवर बाई आणि बाईच.

"मामा, बाई म्हणतात की यंत्र बिघडायच्या आधी ते कुरकुरतं, आणि ते ऐकणारा माणूस..."

"जेव."

"मामा, तू एकदा त्यांची नियमांची फाइल वाच ना. तुझ्यासाठी त्यांनी वेगळी प्रत दिलीय. पहिलंच पान वाच."

"ती फाइल मी सैल स्टुलाच्या पायाखाली घातलीय. तेवढी तरी उपयोगी पडू दे."

भाचा हसला नाही. त्या दिवशी त्यानं अर्धा डबा तसाच मिटला. पोटच्या पोरासारखा वाढवला आणि आता गुण गातोय दुसऱ्याचे! भाचा कुणाचा, माझा की बाईंचा, हे शब्द अगदी जिभेवर आले होते. मामांनी ते पाण्याबरोबर गिळले.

त्या दोन मिक्सरना मामांनीच नावं ठेवली होती. खिडकीकडची थोरली, भिंतीकडची धाकटी. दोघी एकाच साच्यातल्या, जागा सोडली तर वेगळ्या ओळखू येणार नाहीत अशा. भिंतीमागच्या खोलीतल्या मेन बोर्डावर थोरलीच्या स्विचवर मामांनी तांबडा ठिपका काढला होता, धाकटीच्या स्विचवर निळा. बाईंनी सगळा बोर्डच बदलायला काढला. कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राला पत्र्याचा नंबरी बिल्ला, आणि तोच नंबर बोर्डावर त्याच्या स्विचला. थोरली झाली अकरा, धाकटी बारा.

"थोरली म्हटलं की सगळ्यांना कळतं," मामा म्हणाले.

"जुन्यांना कळतं. काल कामावर आलेल्याला काय कळणार, मामा? आणि हात जातो तो नव्याचाच." बाईंचं म्हणणं होतं, आठवणीवर जायचंच नाही. बिल्ला वाचायचा, त्याच नंबरचा स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं, किल्ली आपल्या खिशात.

बोर्ड बसवायला बाहेरची माणसं आली नेमकी त्याच आठवड्यात भाच्याच्या मोठ्या मुलीला कांजिण्या निघाल्या आणि तो घरी बसला. बोर्ड तो नसतानाच लागला. तांबडा ठिपका गेला, निळा गेला. मामांनी जुना बोर्ड भंगारात जाताना बघितला आणि तोंड फिरवलं.

गुरुवारी मालकांनी शेवटचा घाव घातला. शनिवारी विमा कंपनीचे तपासनीस येणार होते. त्यांना बाईंची व्यवस्था पसंत पडली की ती कायम. आणि सोमवारपासून सगळ्या किल्ल्या ऑफिसातल्या काचेच्या कपाटात, नंबर लावून, ज्याला हवी त्यानं सही करून न्यायची.

"म्हणजे माझा जुडगा?" मामांनी विचारलं.

"अहो मामा, तेवढंच तुमच्या कमरेचं ओझं कमी."

मामांचा हात कमरेला गेला आणि तिथेच राहिला. शनिवारी बाईंची फजिती झाली तर किल्ल्या राहतील, नाही झाली तर जातील. हिशेब इतका सरळ होता. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे अंगणात होते. मामा खिशात स्क्रू-ड्रायव्हर घालून मिक्सरपाशी गेले. चार स्क्रू थोरलीचे, चार धाकटीचे. अकराचा बिल्ला धाकटीला, बाराचा थोरलीला. सात मिनिटं लागली. तपासनीस यंत्राच्या अंगावर कोरलेला कंपनीचा नंबर आणि वरचा बिल्ला बाईंच्या यादीशी ताडून बघतात, हे मामांना माहीत होतं. ताडला की उलटा निघणार. मग बाईंनी काय ते उत्तर द्यावं! सोमवारी आपणच चूक "शोधून" बिल्ले नीट लावायचे, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. सत्तावीस वर्षांत मामांनी कारखान्यातला खिळाही इकडचा तिकडे केला नव्हता. पण आतून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोला.

त्या बिल्ल्याची दुसरी बाजू भिंतीमागच्या स्विचवर आहे, हे मामांच्या डोक्यातच आलं नाही. कसं येणार? भांडारवाल्याला नंबर म्हणजे मोजणी. वस्तू आहे की नाही, यादीत आहे की नाही, एवढंच. बाई तीन महिने हेच तर कानीकपाळी ओरडत होत्या, की एकाचा हात दुसऱ्याच्या हातात असतो. पण ऐकायला कान उघडे लागतात, आणि मामांचे मत्सरानं भरले होते.

शनिवारी सकाळी मामा गाणं गुणगुणत भांडारात बसले होते. विम्याचे साहेब बारा वाजता येणार, म्हणून कारखाना लखलखत होता. दोन्ही मिक्सर धुऊन रिकामे ठेवलेले. जो तो फडकं घेऊन दिसेल ते पुसत सुटला होता, दारं, काचा, बटणं. दहाच्या सुमाराला मावशी खिडकीशी आल्या.

"चिठ्ठी आणली का?" मामा म्हणाले.

"आणलीय बाबा, आणलीय."

चिठ्ठीवर लिहिलं होतं: मिक्सर बारा, पट्टा एक, तातडीनं. मामांनी फळीवरून पट्टा काढून दिला. चिठ्ठी तारेत खोचताना खालची सही दिसली. भाच्याची.

"हा कधी आला? मुलगी बरी झाली?"

"आजच आला. बाईंनी फोन केला सकाळी. खिडकीकडची कुरकुरतेय, साहेब यायच्या आत बघशील का म्हणून."

"खिडकीकडची." मामा हसले. खिडकीकडची म्हणजे थोरली. थोरली म्हणजे अकरा. त्यांनी तारेतली चिठ्ठी पुन्हा बघितली. बारा.

पायाखालची वाळू सरकली. भाचा थोरलीचा बिल्ला वाचणार, बारा. भिंतीमागे जाऊन बाराचा स्विच बंद करणार, त्याला कुलूप घालणार, किल्ली खिशात टाकून निर्धास्त येणार. बाराचा स्विच धाकटीचा. थोरली जिवंत. आणि तिच्या बटणांवरून कुणीतरी फडकं फिरवणार.

मामा धावले. साठीला आलेला माणूस, गुडघे दुखरे, पण धावले. भट्टीच्या दालनात ट्रेंच्या ट्रॉलीला जुडगा अडकला आणि ते गरकन फिरले. ओढला, सुटेना. पुन्हा ओढला. "मर मेल्या!" म्हणत त्यांनी कमरेचा आकडाच काढला, सत्तेचाळीस किल्ल्या तिथेच लोंबकळत सोडल्या आणि पुढे पळाले. ताईचा चेहरा डोळ्यांसमोर होता. ताईला काय सांगू? तुझ्या पोराचा हात मी...

दारापर्यंत पोचले आणि आतून थोरली घरघरली. चालू झाली. कुणीतरी ओरडलं.

मामांनी दाराची चौकट धरली. आत बघायचा धीर होईना. डोळे मिटूनच ते किंचाळले, "हात काढ! हात काढ रे! बिल्ले मी बदललेत! बाईंचं काही नाही त्यात, मी बदललेत, मी!"

थोरली थांबत थांबत थांबली. मग इतकं शांत झालं की पॅकिंगच्या दालनातला पंखा ऐकू आला.

मामांनी डोळे उघडले. भाचा मिक्सरपासून दोन हातांवर उभा होता, एक बोट लाल बटणावर. दोन्ही हात जागच्या जागी. पलीकडे बाई, चेहरा पांढराफटक. फडकी घेतलेली माणसं भिंतीला चिकटलेली.

"हात इथेच आहे, मामा," भाचा म्हणाला. त्यानं उचलून दाखवला. "आत गेलाच नव्हता. आधी बटण, मग हात. गाल विसरलेला नाही मी."

मामांनी चौकट सोडली. "शाबास," एवढंच तोंडातून निघालं. "शाबास रे माझ्या..."

पण भाच्याचा चेहरा बदलत चालला होता. आत्ता कुठे शब्द पोचले होते. "तू बदललेस? मुद्दाम?"

"मला वाटलं, तू अजून घरी..."

"मी घरी असतो तर दुसरा कुणी आला असता! त्याला कुणी मारलीय थोबाडीत, पहिल्या आठवड्यात? त्याला कुणी सांगितलंय बटण दाबायला?"

भाच्यानं खिशातली कुलपाची किल्ली काढून बाईंच्या हातावर ठेवली आणि तो निघून गेला.

बाईंनी किल्ली मुठीत धरली. "मला वाटलं, माझ्याच हातून उलटे लागले. मी आत्ता तुमच्या भाच्याची माफी मागणार होते."

मामा आत आले. स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला आणि सगळ्यांसमोर दोन्ही बिल्ले आपल्या हातांनी जागच्या जागी लावले. मग ट्रॉलीवरचा जुडगा सोडवला आणि सरळ मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. काय केलं ते सांगितलं. सारवासारव केली नाही. हात दाखवून अवलक्षण करून घेतलंच होतं, आता ते झाकून काय उपयोग.

तपासनीस आले, बघून गेले. बाईंनी त्यांना लपवलं नाही: बिल्ले उलटे लागले होते, सकाळी लक्षात आलं, दुरुस्त केले. कुणी लावले होते ते त्यांनी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही. व्यवस्था कायम झाली.

दोन दिवसांनी मालकांनी मामांना बोलावलं. "मामा, तुम्हाला काढायलाच हवं होतं. बाई नको म्हणाल्या. म्हणाल्या, चूक कबूल करायला धावत येणारा माणूस परत मिळत नाही."

म्हणजे आता उपकारही त्यांचेच! मामा आतून पुन्हा एकदा चरचरले. स्वभावाला औषध नसतं. पण या वेळी त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

ताईला त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. ती त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. तिनं सगळं ऐकून घेतलं, उठून पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "आपला धाकटा भाऊ झाला तेव्हा आई तुला पाळणा हलवायला बसवायची. तू हळूच चिमटा काढायचास, आणि तो रडला की मोठ्यानं हाक मारायचास, आई, बाळ उठलं बघ! मी बघितलं होतं. कुणाला सांगितलं नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं." मामांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "पोर माझं आहे," ताई म्हणाली. "तुला माफ करायचं की नाही, ते त्याचं त्यानं बघावं. मी मध्ये पडणार नाही."

भाचा बोलत नव्हता. सामान लागलं तर चिठ्ठी मावशींच्या हाती यायची. डबा तो फाटकावर पहारेकऱ्याबरोबर खायचा. मामा पोत्यावर एकटे बसायचे, सवयीनं शेजारी जागा ठेवून. काचेच्या कपाटाची त्यांना आता काही पडली नव्हती. कंबर हलकी झाली होती आणि चालताना आवाज येत नव्हता, त्यामुळे ते मागे येऊन उभे राहिले की लोक दचकायचे.

एका दुपारी करायला काही नव्हतं, म्हणून मामांनी स्टुलाखालची फाइल काढली. कोपरा चेपला होता. पहिलं पान उघडलं. नियम पहिला: कुठल्याही यंत्राचा स्विच बंद केल्यावर, त्याला कुलूप घातल्यावरही, चालू करायचं बटण दाबून बघावं. यंत्र हललं नाही तरच हात घालावा. खाली बारीक अक्षरात: ही पद्धत भांडारातल्या मामांची, चौदा वर्षांपासून चालत आलेली.

मामा फाइल घेऊन बाईंच्या टेबलाशी गेले. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या भाच्यानं. पहिल्याच दिवशी. मी विचारलं, तुला इथे कशाची धास्ती वाटते? म्हणाला, मामांच्या थपडेची." बाई हसल्या, मग थांबल्या. "मामा, तो आणखी एक म्हणाला होता. म्हणाला, त्या थपडेमुळे बाकी कशाची वाटत नाही."

मामा परत आले. खिडकी लावून घेतली आणि बराच वेळ उघडली नाही. तीन महिने ज्या फाइलीवर ते जळले, तिच्यात पहिल्या पानावर त्यांचंच नाव बसलं होतं. ज्या पोराला बाईंनी पळवला म्हणून ते तळमळले, तो जिन्यात बसून मामांचंच गुणगान करत होता. आणि ते त्यांना एकदा नाही, दहादा सांगत होता, पहिलंच पान वाच म्हणून.

बाराव्या दिवशी मावशी आल्या. हातात चिठ्ठी नव्हती.

"तुम्हाला मिक्सरपाशी बोलावलंय."

"कुणी?"

"कुणी म्हणजे? जा ना आता!"

थोरली उघडी होती. भाचा बाह्या सरसावून उभा होता. आतल्या पात्यात पट्ट्याचा तुकडा अडकला होता, हात खोल घालावा लागणार होता. त्यानं मामांकडे बघितलं नाही. "स्विच बंद केलाय. कुलूप घातलंय," तो म्हणाला. "बटण तू दाब."

मामांनी आधी बिल्ला वाचला. अकरा. त्यांनीच घट्ट केलेले चार स्क्रू एकेक करून चाचपले. मग भिंतीमागच्या खोलीत गेले, बोर्डावर अकरा शोधला, त्यावरचं कुलूप दोनदा ओढून बघितलं आणि परत आले. बोट हिरव्या बटणावर ठेवलं. दाबलं. थोरली हलली नाही. पुन्हा दाबलं. नाही हलली.

"घाल," मामा म्हणाले.

भाच्यानं कोपरापर्यंत हात आत घातला. मामा वळले, बटणांच्या पेटीला पाठ लावून उभे राहिले आणि दोन्ही हात पसरले. झाडूवाली फडकं घेऊन आली, तिला त्यांनी मानेनंच लांबून जायला सांगितलं. तुकडा निघायला पाव तास लागला. तो हात बाहेर येईपर्यंत मामा तिथून हलले नाहीत.